बांधाच्या पोटातले पाणी

जबलपूर जिल्ह्यातले मझौली हे माझे गाव. आमच्या भागात हवेली पद्धतीची शेती जुनी आहे. शेताभोवती मातीचे बांध घालून पावसाचे पाणी अडवतात आणि पावसाळा सरला की ते सोडून गहू-हरभरा पेरतात. पूर्वी मी बांधाची फक्त उंची पाहायचो. आता आधी त्याचा बाहेरचा पायथा पाहतो, कारण बांध पुष्कळदा आतून खचतो.

मातीच्या कणांवर वरच्या मातीचा भार असतो, म्हणून ते एकमेकांना घट्ट धरतात. चिंब मातीचे वजन घनमीटरला सुमारे 2 टन धरा. 10 मीटर खोलीवर दर चौरस मीटरला 20 टन भार येतो. माती वरपर्यंत भिजली, की त्यातले 10 टन छिद्रांतले पाणीच पेलते. कणांची पकड निम्मी होते आणि उतार घसरू लागतो.

म्हणून मोठ्या धरणांत पिझोमीटर बसवतात. साध्या प्रकारात तळाशी छिद्रे असलेली उभी नळी असते. तिच्यातली पाण्याची पातळी आतला दाब सांगते. पायथ्याशी झिरपणारे पाणीही मोजतात. जलाशयाची पातळी तीच असून नळीतले पाणी चढले किंवा झिरपा वाढला, तर तो इशारा समजावा. झिरपा गढूळ झाला तर धोका मोठा, कारण पाण्याबरोबर बांधाची मातीही वाहून जात असते. अशा वेळी बाहेरून भोक बुजवू नये. त्यावर वाळू, मग खडी घालावी. पाणी निघून जाते, माती अडते.

12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटले. मोरीचे काम अपुरे असतानाच धरण भरले आणि मोरीवरचा भराव खचत गेला. जवानांनी वाळूची पोती रचून झुंज दिली, तरी धरण वाचले नाही आणि पुण्यात पूर आला. ऑगस्ट 2022 मध्ये आमच्या मध्य प्रदेशात, धार जिल्ह्यातल्या कारम धरणाला गळती लागली. तिथे खालची गावे आधी रिकामी केली, लष्कराला बोलावले आणि बाजूने चर खोदून पाणी सोडले. मनुष्यहानी टळली.

पहाऱ्यावरचा संत्री जसा चाहुलीची नोंद करतो, तशी बांधाचीही रोज नोंद हवी. एका दिवसाचा आकडा फारसे सांगत नाही. कालच्या आकड्याशेजारी आजचा लिहिला, की बांध बोलू लागतो. या पावसाळ्यात तुमच्या गावच्या तलावाचा पायथा एकदा पाहा आणि झिरपणारे पाणी काचेच्या पेल्यात धरा. ते गढूळ दिसले, तर त्याच दिवशी मोठ्यांना सांगा.