लांबच्या गाडीत काय नेसावं

महाड-पोलादपूरकडच्या आम्ही बायका लांबच्या प्रवासाला निघतो, तेव्हा स्टेशनवर न्यायला कोण येणार हे मनात धरून नेसतो. कोरी साडी, कालच फॉल-बिडिंग करून आणलेली. मधला दिवस आणि रात्र कुणी धरतच नाही. त्यात लांब पल्ल्याची गाडी आपल्या दारात नाही. वीर, करंजाडी, विन्हेरे ही जवळची स्टेशनं. पण दिल्लीला जायचं तर एस.टी.ने पनवेल गाठायचं आणि तिथून मंगला एक्स्प्रेस धरायची. गाडीत चढण्याआधीच अंग घामेजलेलं असतं.

माझ्या थोरल्या जाऊबाई भाच्याच्या लग्नाला अशाच निघाल्या, मी सोबतीला होते. अंगावर जरीची सिंथेटिक साडी, परकराची नायलॉनची नाडी आवळून बांधलेली, पायात घट्ट जोडवी. भुसावळ मागे पडेतो नाडीखालची कातडी सोलवटली. त्या साडीत मधल्या बर्थवर चढता येईना, म्हणून रात्रभर पाय खाली सोडून बसून राहिल्या. सकाळी पावलं टम्म सुजली आणि जोडवी बोटांत रुतली. साबण लावून पाहिला, दोरा गुंडाळून पाहिला. अखेर दिल्लीत सोनाराकडून कापून घ्यावी लागली. बोट दुखत होतं त्याहून जास्त त्या जोडवी कापली म्हणून रडल्या.

म्हणून कळकळीने सांगते, निघायच्या आदल्या रात्रीच जोडवी उतरवा आणि देवापाशी ठेवा. सौभाग्याला त्याने काही होत नाही. मन अगदीच मानत नसेल तर सैल होणारी, वेटोळ्याची घाला. घट्ट बांगड्या आणि अंगठ्यांचंही तेच.

सूज येते ती न हलल्याने. पोटऱ्या हलल्या की पायातलं रक्त वर ढकललं जातं. तासन्‌तास पाय लोंबते राहिले की पाणी पावलांत उतरतं. चार तासांहून जास्त एका जागी बसून प्रवास केला, मग तो विमानाचा असो, रेल्वेचा की बसचा, तर शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितलं. मुळात तो धोका लहान असतो, घाबरू नये. पण एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली तर लगेच डॉक्टरांकडे जा, आणि धाप लागली तर क्षणही दवडू नका.

नेसायची ती चार वेळा धुतलेली, मऊ सुती साडी, खळ न घातलेली. परकर सुती, नाडी रुंद आणि सैल. पंजाबी ड्रेस चालत असेल तर उत्तमच, पण सलवारीचा घेर हवा. आमच्या सासूबाईंची सुती नऊवारी मात्र मला सगळ्यांत सोयीची वाटते. काष्टा असला की बर्थवर चढता येतं, लहान स्टेशनच्या बुटक्या फलाटावरून डब्याची उंच पायरी गाठता येते, आणि संडासात ओल्या जमिनीवर निऱ्या लोळत नाहीत. पुरुषांनी पट्टा एक भोक सैल करावा, रात्री लेंगा घालावा.

आपल्याकडे स्वेटर क्वचितच लागतो. पण डिसेंबर-जानेवारीत भोपाळ, झाशीकडे पहाटे गारठा बोचतो, आणि स्लीपरच्या डब्यात ब्लँकेट मिळत नाही. शाल, कानाला रुमाल आणि सैल मोजे हाताशी असू द्या. पावसाळ्यात तर आणखी एक काळजी. पोलादपूरला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, एस.टी. स्टँडवरच माणूस भिजतं. परकरासकट कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून सामानात अगदी वर ठेवा आणि पनवेलला बदला. ओल्या कपड्यांत रात्र काढली की जांघा काचतात.

जरीची साडी न्या, हौसेने न्या, पण बॅगेतून. पोचल्यावर स्टेशनच्या प्रतीक्षागृहात नेसा. न्यायला आलेली माणसं आपलीच असतात, दहा मिनिटं थांबतील.