ॲटनबरोंच्या मागावर

नॉटिंगहॅमला राहायला आल्यापासून मला इंग्रजी आडनावांचा नाद लागला. स्मिथ आणि टेलर गल्लोगल्ली सापडतात, त्यांच्यात मजा नाही. आडनाव कसं विरळा हवं! मी धरलं ते ‘गांधी’ चित्रपटामुळे आपल्याकडे घरोघरी पोचलेलं ॲटनबरो. त्या खटाटोपातून हाती लागलेलं थोडं:

१. आधी नकाशा उघडा. नॉटिंगहॅमच्या नैर्ऋत्येला, ट्रेंट नदीकाठी ॲटनबरो नावाचं गाव आहे. आडनाव तिथलंच. पण शोध घ्यायचा तो आजूबाजूच्या गावांत. चिपळूणकर हे नाव चिपळूण सोडल्यावरच कामाला येतं. गावातल्या गावात ते कोण लावणार? दिग्दर्शक रिचर्ड आणि निसर्गपटांचे डेव्हिड, या भावांचे वडील फ्रेडरिक यांचा जन्म स्टेपलफर्डचा. तिथून ॲटनबरो सहज चालत जाण्याइतकं जवळ. इतक्या शतकांत या घराण्यानं मजल मारली ती एवढी!

२. स्पेलिंगला चिकटून बसू नका. इंग्लंडात चर्चच्या नोंदवह्या १५३८ पासून ठेवल्या जाऊ लागल्या. लिहिणारा कानावर पडेल तसं लिही, आणि ज्याचं नाव त्याला बहुधा वाचताच येत नसे. त्यामुळे याच नावाचा शेवट कुठे ‘ओ-यू-जी-एच’, तर कुठे ‘आर-ओ-डब्ल्यू’. एकाच स्पेलिंगची माणसं मोजली, तर नाव आहे त्याहून दुर्मीळ वाटतं.

३. विरळा म्हणजे खानदानी नव्हे. मोठमोठ्या घराण्यांची नावं का बुडतात, हा प्रश्न फ्रान्सिस गाल्टननं १८७३ मध्ये गणितज्ञांपुढे टाकला. तो हेन्री वॉटसननं सोडवायला घेतला. त्या हिशेबातून दिसतं ते असं, की नाव बुडायला कुणाचा शाप लागत नाही. एखाद्या पिढीत मुलगे झाले नाहीत किंवा जगले नाहीत, की खेळ संपला. शेजारच्या घरात सहा मुलगे, की तेच नाव पंचक्रोशीभर. निव्वळ नशीब.

४. आडनावाचं कुलचिन्ह विकणाऱ्या दुकानात पाऊल टाकू नका. इंग्लंडात ते व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना मिळतं, आडनावाला नाही.

५. डीएनए बोलतो, पण जरा जास्तच. वाय गुणसूत्र आडनावासारखंच बापाकडून मुलाकडे जातं. लेस्टर विद्यापीठातल्या टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी २००९ मध्ये चाळीस ब्रिटिश आडनावांचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्मिथ मंडळींत परक्यांपेक्षा जास्त साम्य नव्हतं. ॲटनबरो पुरुषांत मात्र सुमारे ८७ टक्क्यांचं वाय गुणसूत्र एकाच जातकुळीचं! म्हणजे मूळपुरुष एकच असावा, किंवा अनेकांतून नशिबानं एकाचाच वंश फोफावला असावा. (फ्रेडरिक याच संस्थेचे प्राचार्य होते, ती विद्यापीठ होण्याआधी. योगायोग, दुसरं काय.)

आणि उरलेले? कुणी दत्तक आला असेल, कुणी आईचं आडनाव लावलं असेल, कुणी सावत्र बापाचं. काही गोष्टी घरात कुणी बोलतही नसेल. म्हणून नमुना पाठवण्याआधी वडीलधाऱ्यांशी बोलून घ्या, आणि निकाल आला की लगेच कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका.