पद्मिनीच्या पुढच्या काचेचं रबर : खर्च कुठे होतो?

पहिल्या मोठ्या पावसानंतर पायाखालचा गालिचा ओला लागला, गाडीत कुबट वास यायला लागला, की प्रीमियर पद्मिनीवाल्याचा संशय सरळ पुढच्या काचेच्या रबरावर जातो. बऱ्याचदा तो खराही ठरतो. तरी दुकान गाठण्याआधी अर्धा तास काढून एक परीक्षा करा, ती फुकट आहे. एकाने टॉर्च घेऊन आत डॅशबोर्डखाली डोकं घालायचं आणि दुसऱ्याने बाहेरून पाइपची बारीक धार धरायची. धार खालच्या कडेपासून सुरू करून हळूहळू वर न्यायची. वरून पाणी ओतलं तर ते सगळीकडे ओघळतं आणि नेमकं कुठून शिरलं ते कळत नाही. बॉनेटमागची हवेची जाळी, वायपरच्या दांड्यांची भोकं, दाराचं रबर यांचीही हजेरी घ्या. मी एकदा काचेचं रबर आणून ठेवलं आणि मग ध्यानात आलं, की पाणी वायपरच्या दांडीपाशी झिरपतंय. तिथला वॉशर चहा-वड्याच्या पैशात आला.

रबरच गेलंय का, हे अंगठ्याने कळतं. दाबल्यावर ते दबत नसेल, कोपऱ्यात बारीक भेगा असतील किंवा काचेपासून सुटून कड वर आली असेल, तर त्याचे दिवस भरले. ऊन आणि हवेतला ओझोन रबराला कडक करतात. गाडी उभी असली तरी रबर म्हातारं होतच असतं.

आता पैशांचं. पुढचे आकडे मुंबई-पुण्यातल्या लहान गॅरेजांचा ढोबळ अंदाज म्हणून घ्या. घासाघीस करताना उपयोगी पडतील. रबराला साधारण पाचशे ते दीड हजार. काच काढून पुन्हा बसवायची मजुरी आठशे ते दोन हजार. पक्कं बिल घेतलंत तर वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे सगळं सरळ पार पडलं तर तीन-चार हजारांत काम उरकतं. ते सरळ पार पडतंच असं नाही, आणि दोष रबराचा नसतो.

रबराखाली पत्रा असतो. खालच्या दोन कोपऱ्यांत वर्षानुवर्षं पाणी साचलेलं असतं आणि वरचा रंग मात्र शाबूत दिसतो. काच निघाली की कड गंजून चाळणी झालेली सापडते. तेव्हा डेंटर म्हणेल, ‘लांबी भरून देतो, दिसणार पण नाही.’ त्याला हात जोडा. लांबीवर रबराची पकड टिकत नाही आणि दोन पावसांत तुम्ही पुन्हा तिथेच याल. कुजलेला पत्रा कापून तेवढाच नवा तुकडा वेल्ड करायचा, वर प्रायमर आणि रंग मारायचा, हे खरं काम. एका कोपऱ्याचे दोन ते चार हजार धरा, दोन्ही गेले असतील तर दुप्पट. रंग वाळायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून हे काम एप्रिल-मेमध्येच काढा. जूनमध्ये बिनकाचेची गाडी ताडपत्रीखाली ठेवण्यात मजा नाही. शिवाय उन्हाळ्यात नवं रबर तासभर उन्हात ठेवलं की आपोआप मऊ पडतं.

खरेदीसाठी मुंबईत ऑपेरा हाऊसची दुकानं, कुर्ल्याचा सुट्या भागांचा बाजार आणि पुण्यात नाना पेठ. ही गाडी कुर्ल्याच्याच कारखान्यात बनायची. शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून ऑक्टोबर २०२३ मध्ये उतरली. टॅक्स्या होत्या तोवर हे रबर मागताना दुकानदार मान वर करत नसे, आता तो आधी वर्ष विचारतो. जुनं रबर सोबत न्या आणि कापलेली कड नव्याच्या कडेशी जुळवून पाहा. काचेची खाच, पत्र्याची खाच आणि चकचकीत पट्टी बसायची खाच, तिन्ही जुळायला हव्यात. कोपरे साच्यात घडवलेलं अखंड रबर मिळालं तर दोनशे रुपये जास्त गेले तरी तेच घ्या. मीटरवर कापून मिळणारं घ्यावंच लागलं, तर मापापेक्षा बोटभर लांब ठेवून दाबून बसवायला सांगा. रबर पुढे आकसतं आणि नेमक्या मापाचा सांधा उघडा पडतो. पंचवीस वर्षं गोदामात पडलेलं ‘ओरिजिनल’ रबर मात्र ओरिजिनल किमतीतही नको, ते आधीच वाळलेलं असतं.

काम चालू असताना तिथे उभे राहा. जुनं रबर ठेवायचं नाहीच, तर ते ब्लेडने कापून काढायला सांगा. स्क्रू-ड्रायव्हरने उचकटलं की काच जाते. बसवताना आधी रबर काचेला चढवतात, मग पत्र्याच्या खाचेत चहूबाजूंनी नायलॉनची बारीक दोरी घालतात आणि तिची दोन टोकं खाली मध्यभागी आत सोडतात. बाहेरचा तळहाताने दाबत राहतो आणि आतला दोरी हळूहळू ओढतो, तशी रबराची ओठी पत्र्यावर उलटत जाते. हे एकट्याचं काम नाही. वंगण म्हणून साबणाचं पाणी पुरतं. कुणी ग्रीस किंवा रॉकेल घेऊन आला तर थांबवा, त्याने रबर फुगतं. आंबट वासाचं सिलिकॉनही नको, उघड्या पत्र्याला त्याने गंज चढतो. न वाळणारं सीलंट मागा.

काच फुटली तर भरायची कुणी, हे पहिली कड सुटण्याआधी बोलून घ्या. बहुतेक कारागीर हात वर करतात, आणि एका अर्थी त्यांचं बरोबर आहे, कारण जुन्या काचेच्या कडेला आधीच टवका असू शकतो. नवी काच घ्यायचीच झाली तर लॅमिनेटेड घ्या. ती तडकते, पण तुकडे अंगावर येत नाहीत. तीन ते पाच हजार बाजूला ठेवा. सर्वसमावेशक विमा असेल तर अपघातात फुटलेल्या काचेवर घसारा कापत नाहीत, रबरावर मात्र पन्नास टक्के कापतात. नुसत्या झिजलेल्या रबराचा दावा मंजूर होत नाही, तो भरायच्या खटपटीत पडू नका.

तर दहा हजार खिशात ठेवून गाडी उघडा, दोन्ही कोपरे कुजके निघतील अशी शंका असेल तर पंधरा. बसवल्यावर एक दिवस धुऊ नका, मग तीच पाइपची परीक्षा पुन्हा करा, आणि गॅरेजच्या आवारातच करा. कोपऱ्यात थेंब दिसला तर सीलंटची नळी हाताशी असते आणि कारागीरही.