पेटीत न मावणारी सायकल

आजोबांची जुनी सायकल माळ्यावरून खाली काढली आहे आणि तिला नवा रंग द्यायचा आहे, असे समजा. रंगापूर्वी गंज काढावा लागणार. पॉलिश पेपर घेऊन बसलात तर दोन रविवार सहज जातील, आणि तरीही नळ्यांच्या सांध्यांत गंज उरेलच. कारखान्यांत हे काम काही मिनिटांत होते. दाबाखालच्या हवेच्या झोताबरोबर कठीण कणांचा मारा केला की गंज आणि जुना रंग उडून जातो व खालचे स्वच्छ लोखंड दिसू लागते. यालाच सँडब्लास्टिंग म्हणतात. अमेरिकेतील बेंजामिन टिल्घमन यांनी १८७० साली या पद्धतीचे पेटंट घेतले. एकेका कणाचे वजन नगण्य असते. पण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे तुम्ही शिकला आहात. वेग तिप्पट झाला की तोच कण नऊपट ऊर्जेने आदळतो.

लहान वर्कशॉपमध्ये हा मारा एका बंद पत्र्याच्या पेटीत करतात. पेटीला पाहण्यासाठी काच असते, पुढे रबरी हातमोजे बसवलेली दोन भोके असतात आणि तळाला जाळी असते. जाळीतून पडलेले कण पुन्हा वापरता येतात. एका बाजूला व्हॅक्यूम क्लीनरची नळी जोडलेली असते. ती कशासाठी, हे पुढे येईलच.

आता आपली अडचण पाहू. पेटी आतून ८० सें.मी. लांब, ६५ सें.मी. खोल आणि ६५ सें.मी. उंच आहे. सायकलची फ्रेम, चाके व पुढचा फोर्क काढूनही, सुमारे एक मीटर लांब भरते. भूमितीत हुशार असलेला एखादा विद्यार्थी लगेच म्हणेल, "तिरकी ठेवा!" पायथागोरसचा सिद्धान्त दोनदा वापरला तर पेटीचा सर्वांत लांब कर्ण १२२ सें.मी. येतो, तेव्हा त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. पण तो कर्ण एखाद्या बारीक काठीच्या कामाचा. रुंद फ्रेमच्या नव्हे. शिवाय वस्तू पेटीत मावणे वेगळे आणि तिच्यावर काम करता येणे वेगळे. झोताचे तोंड वस्तूपासून साधारण वीतभर लांब ठेवावे लागते आणि ते सगळीकडून फिरवताही यावे लागते.

मग बाजूच्या पत्र्याला ४० सें.मी. लांब व १५ सें.मी. उंच अशी खिडकी कापावी, फ्रेम जाळीवर आडवी ठेवून तिचे टोक बाहेर काढावे, आतला भाग साफ झाला की फ्रेम फिरवून उरलेले टोक आत घ्यावे. इतके सोपे! पुष्कळ लोक इथेच थांबतात आणि फसतात. खिडकी पडली की पत्र्याची पेटी ही पेटी राहत नाही.

कारण आहे धूळ. ती किती वेळ हवेत राहते ते पाहा. शांत हवेत बारीक कण खाली पडण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. वाळूच्या खनिजाचा दहा मायक्रॉनचा कण (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) सेकंदाला सुमारे आठ मिलिमीटर पडतो, म्हणजे दीड मीटर खाली यायला त्याला तीन मिनिटे लागतात. एक मायक्रॉनचा कण दहापट लहान, म्हणून शंभरपट हळू. त्याला तेवढ्याच अंतरासाठी पाच तासांहून अधिक वेळ लागतो! तुम्ही काम संपवून, जेवून परत आलात तरी तो तुमच्या नाकाच्या उंचीवर असू शकतो, आणि डोळ्यांना दिसत नाही. नेमके असेच कण फुप्फुसांच्या वायुकोशांपर्यंत पोचतात. नदीची वाळू मुख्यतः सिलिका असते. आदळून फुटलेल्या सिलिकेची ताजी धूळ वर्षानुवर्षे श्वासात गेली, तर सिलिकोसिस हा बरा न होणारा रोग होतो. ब्रिटनने १९४९ सालच्या नियमांनी अशा माऱ्यासाठी वाळू वापरण्यास बंदी केली. तुर्कस्तानात जीन पँटला जुनाट रंग आणण्यासाठी कापडावर वाळूचा मारा करणारे कितीतरी तरुण कामगार या रोगाला बळी पडले, तेव्हा तिथेही २००९ साली बंदी आली.

म्हणून पेटीत वाळू कधीही नको. काचेचे बारीक मणी किंवा कुरुंदाची पूड घ्यावी. (कुरुंद म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड. इंग्रजांनी हा शब्द आपल्याकडूनच उचलला!) पण एवढ्याने धोका संपत नाही. जुन्या रंगात शिसे असू शकते, आणि ते धुळीबरोबर उडतेच.

आता खरा हिशेब करू. समजा, झोताबरोबर पेटीत दर सेकंदाला १० लिटर हवा शिरते आणि व्हॅक्यूम क्लीनर ३० लिटर हवा ओढून नेतो. फरकाची २० लिटर हवा पेटीच्या फटींमधून आत यावी लागणार. आत येणारी हवा धुळीला बाहेर पडू देत नाही. हवा आत शिरण्याचा वेग काढायचा तर आकारमानाला फटींच्या क्षेत्रफळाने भागायचे. आपल्या खिडकीचे क्षेत्रफळ ६०० चौ.सें.मी., म्हणजे ०.०६ चौ. मीटर. ०.०२ घन मीटर भागिले ०.०६ चौ. मीटर, उत्तर येते सेकंदाला ०.३३ मीटर. ही जेमतेम झुळूक झाली. अशा पेट्यांसाठी हा वेग निदान अडीच मीटर असावा असा तंत्रज्ञांचा दंडक आहे. त्या हिशेबाने सर्व फटी मिळून फक्त ८० चौ.सें.मी. चालतील. मोठ्या माणसाचा तळहात, बोटे सोडून, साधारण एवढा असतो. आणि व्हॅक्यूम क्लीनर सुरूच केला नाही तर? मग झोताची १० लिटर हवा धूळ घेऊन तुमच्याच दिशेने येईल.

उपाय शिंप्याकडे आहे. खिडकीच्या चारही कडांना लोखंडी पट्टीची चौकट बसवा. पत्रा कापल्यावर तो थरथरतो, आणि कोपरे काटकोनी ठेवले तर तिथूनच चिरा पडतात. म्हणून कोपरे गोल कापा. या चौकटीवर रबर चढवलेल्या जाड कापडाची, बाहेरच्या टोकाला बंद असलेली मोठी पिशवी बसवा. फ्रेमचे बाहेर आलेले टोक उशी अभ्र्यात जावी तसे पिशवीत राहील. कण रबराला फाडणार नाहीत का? कठीण काच फुटते, पण रबर दबते आणि कणाला परत उडवते. मात्र झोत सरळ पिशवीवर धरू नका. वस्तू पिशवीहून लांब असेल, उदाहरणार्थ सहा फुटी लोखंडी गज, तर पिशवीऐवजी दोन्ही तोंडे उघडी असलेली बाही लावून ती सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीने गजाभोवती आवळावी. गजाचे बाहेरचे टोक जाळीच्याच उंचीच्या घोडीवर टेकवा, नाहीतर सगळा भार खिडकीच्या कडेवर येतो. पिशवी असो वा बाही, हवा आत यायला वाट ठेवलीच पाहिजे: व्हॅक्यूमच्या नळीच्या समोरच्या बाजूला तळहाताएवढी फट, आणि कण उडून बाहेर येऊ नयेत म्हणून तिच्या आतून एक आडवा पत्रा.

पिशवीचा आणखी एक उपयोग मला फार आवडतो. ती आत ओढली जाऊन फ्रेमला चिकटली असेल तर सारे ठीक आहे. फुग्यासारखी फुगली, तर पेटीतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त झाला आहे. त्याच क्षणी झोत बंद करा. असा दाबमापक बाजारातून आणावा लागत नाही.

पत्रा कापणे आणि झोत चालवणे हे जाणत्या मोठ्या माणसाचे काम आहे. तुम्ही वर्गात बुटाच्या खोक्यावर हाच प्रयोग करा. खोक्याच्या एका बाजूला जुन्या संगणकातला १२ व्होल्टचा पंखा, हवा बाहेर फेकेल असा बसवा. समोरच्या बाजूला १० सें.मी. लांब-रुंद चौकोन कापा. पेटलेली उदबत्ती चौकोनाबाहेर दोन बोटांवर धरा (पुठ्ठ्याला लागू देऊ नका, पाण्याचे भांडे जवळ असू द्या). धूर किती जोराने आत वळतो? पुठ्ठ्याने अर्धा चौकोन झाका, मग पाऊण, आणि धुराकडे पाहा. अगदी थोडी फट ठेवलीत तर वेग आणखी वाढत जाईलच असे नाही, कारण लहान पंख्याची ताकद तिथे संपते. आता केस वाळवण्याचे यंत्र थंड हवेवर ठेवून वरच्या भोकातून खोक्यात हवा सोडा. धुराने दिशा बदलली? तोच तुमचा फुगलेल्या पिशवीचा क्षण.

राहता राहिले झाकण उघडणे. पेटीत सुमारे ३३८ लिटर हवा मावते. झोत बंद असताना सेकंदाला ३० लिटर ओढली तर ती एकदा बदलायला ११ सेकंद लागतात. पण नवी हवा जुनीत मिसळत राहते, म्हणून एका बदलात धूळ संपत नाही; तिचा तिसऱ्या हिश्शाहून थोडा अधिक भाग उरतो. असे दहा बदल होऊ द्यावेत. झोत थांबवल्यावर व्हॅक्यूम क्लीनर चालूच ठेवा, घड्याळात दोन मिनिटे मोजा आणि मगच फ्रेम बाहेर काढा.