चायनीजच्या गाडीवर चिनी माणूस का नसतो?

प्रश्न : आमच्या तापकीर चौकाजवळ संध्याकाळी चायनीजच्या गाड्या लागतात, पण कढई हलवणारा कधीच चिनी नसतो. मुंबईत मात्र पिढ्यान्‌पिढ्या राहणारी चिनी कुटुंबे आहेत म्हणे. त्यांची इथे जन्मलेली मुले स्वतःला चिनी म्हणवतात की भारतीय? आणि चाकणच्या कंपन्यांत येणारे चिनी त्यांचेच भाऊबंद का? – एक वाचक, काळेवाडी

उत्तर : चाकणचे आधी निकालात काढू. तिथे सॅनीसारख्या चिनी कंपनीत चीनहून येणारा इंजिनिअर व्हिसावर येतो, मँडरिन बोलतो आणि काम आटोपले की परततो. मुंबईतल्या चिनी कुटुंबांचे पूर्वज ब्रिटिश अमदानीत आले, बरेचसे दक्षिण चीनमधून, आणि त्यांच्या घरची बोली कँटोनीज किंवा हक्का. हे दोघे भेटले, तर बहुधा इंग्रजीवरच भागवतील.

हे पूर्वज खलाशी, सुतार, दंतवैद्य असे पोटामागे आलेले लोक होते. माझगाव आणि कामाठीपुऱ्यातली शुक्लाजी स्ट्रीट या भागांत त्यांची वस्ती झाली. माझगावात 1919 मध्ये त्यांनी बांधलेले मंदिर आजही आहे. तिथला क्वान कुंग हा न्यायप्रियतेसाठी पुजला जाणारा योद्धा.

आता मुलांचे. ती भारतीयच, यात कायद्याने संशय नाही. 26 जानेवारी 1950 नंतर आणि 1 जुलै 1987 पूर्वी भारतात जन्मलेला जवळजवळ प्रत्येक जण जन्मानेच नागरिक ठरतो. पण 1962 च्या भारत-चीन युद्धात नागरिकत्वाचा हा आधार अपुरा पडला. आई-वडील किंवा आजी-आजोबांपैकी कोणीही कधी चीनचे नागरिक असले, तर त्या माणसाला परकीयांचे नियम लावण्याची सोय सरकारने करून घेतली. म्हणजे जन्म मुंबईचा असला, तरी आजोबा आडवे येणार. आसाम आणि दार्जिलिंगकडच्या हजारो चिनी वंशाच्या लोकांना थेट राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन ठेवले. त्यांत लहान मुलेही होती. हे पाहिल्यावर चिनीपण चारचौघांत मिरवायला कोण धजेल? अनेक जण कॅनडा-ऑस्ट्रेलियाकडे निघून गेले. उरलेल्यांच्या घरांत मुले इंग्रजी-हिंदीत वाढली आणि बोली आजीपाशीच थांबली. ‘ही मंडळी स्वतःच्याच कोषात राहतात’ असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानात घ्यावा.

वारसा तरीही टिकला, पण तो मिसळून. नेल्सन वांग कोलकात्यात चिनी कुटुंबात जन्मले आणि मुंबईत आचारी झाले. चिकन मांचुरियन 1975 मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियात आपण पहिल्यांदा केले, असे ते सांगत. आले, लसूण, हिरवी मिरची ही आपली फोडणी. गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लॉवर. ‘हे खरे चायनीज नव्हेच’ असे नाक मुरडणाऱ्यांना मी एवढेच म्हणेन की चीनमधल्या चिन्याला ते सुचलेच नसते. त्यासाठी इथे जन्मलेलाच माणूस हवा होता. पुढे पाककृती सगळ्यांचीच झाली. म्हणून काळेवाडीत ती करायला कोणत्याही गावचा आचारी चालतो.

चिनी की भारतीय, या प्रश्नाला एकाच शब्दात उत्तर द्यायची गरज त्या मुलांना पडत नाही, आपल्यालाच पडते. त्यांना भेटायचे असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत, चिनी नववर्षाच्या वेळी माझगावच्या मंदिरात जा. हार्बर लाइनवर डॉकयार्ड रोडला उतरा, तिथून नवाब टँक रोड जवळच आहे.