धावपळीच्या रात्री वही कुणाकडे?



३१ मे २०१६. आपल्याच जिल्ह्यातल्या पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात मध्यरात्रीनंतर आग लागली, स्फोट झाले. अधिकारी, जवान आणि आग विझवणारे कर्मचारी मिळून पंधराहून अधिक जणांचा जीव गेला. जवळच्या गावांतल्या लोकांना अंधारातच घर सोडावे लागले.

ती रात्र आठवली की मी पिपरी मेघेतल्या आपल्या वस्तीकडे नर्सच्या नजरेने पाहते. धडधाकट माणसे पळतील. पण अंथरुणाला खिळलेली आजी? नववा महिना लागलेली सून? इन्सुलिन घेणारे काका? त्यांना कोण उचलेल, हे ऐन वेळी ठरत नाही.

म्हणून विहार समितीने आणि महिला मंडळाने दर दहा घरांमागे एक जबाबदार व्यक्ती आताच नेमावी, तिला एक बदलीही द्यावी. पुढारी म्हणजे माईकवर बोलणारा, असे आपल्याला वाटते. या कामाला मात्र नळावर सगळ्यांची खबर ठेवणारी बाईच बरी! तिच्या वहीत आजारी माणसाचे नाव, रोजच्या गोळ्या, नातेवाइकाचा फोन आणि त्याला कोण नेणार, एवढे लिहिलेले असावे. आशाताईंनाही सोबत घ्या. टीबीसारखे आजार चारचौघांत वाचून दाखवू नका. त्या घराशी बोलून, विचारूनच लिहा.

सिकलसेलच्या रुग्णाची नोंद ठळक करा. हा आजार विदर्भात आपल्या समाजात बराच आढळतो. पाणी कमी पडले, दगदग झाली की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हातपाय, छाती असह्य दुखते. इतरांना नुसता थकवा येतो तिथे या रुग्णाला दवाखाना लागतो. पाण्याची बाटली आधी त्याच्या हाती द्या. ताप, छातीत दुखणे किंवा धाप असेल तर वाट न पाहता १०८ ला फोन करा.

जुलाब लागलेल्यांसाठी ओआरएसची पाकिटे विहारात ठेवा. नसतील तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकू नका.

मी एका वस्तीत पाहिले आहे, मदतीचे डबे रस्त्यालगतच्या घरांतच संपले. मागच्या गल्लीतल्या एकट्या म्हातारीचे नाव कुणाच्याच कागदावर नव्हते.

वहीची एक प्रत विहारात ठेवा. गोळ्या बदलतात, बाळंतपणे होतात, भाडेकरू जातात. दर पौर्णिमेला वंदनेनंतर ती उघडून दुरुस्त करा, आणि वर्षातून एकदा आजीला खरोखर खुर्चीत बसवून गल्लीबाहेर नेऊन पाहा. खुर्ची दारातून निघते की नाही, ते तेव्हाच कळेल.