औषध मारणारे विमान

यंदा आमच्या शेजारच्या रानात सोयाबीनवर ड्रोनने फवारणी झाली. ड्रोन म्हणजे आत माणूस नसलेले लहान विमान. त्याला सहा पंखे होते आणि खाली दहा लिटरची टाकी. आण्णा पाठीवर पंप घेऊन दिवसभर मारतात तेवढे रान त्याने न्याहारीच्या आत उरकले असते.

आम्ही चौघे-पाचजण बघायला पळालो आणि पार त्याच्या खाली जाऊन उभे राहिलो. वळताना त्याचे तुषार आमच्या अंगावर आले. गार वाटले म्हणून आम्ही हसलो. घरी जाईपर्यंत डोळे चुरचुरायला लागले. आईने साबणाने हात-तोंड धुतले, झगा बदलला आणि मग एक धपाटा पण घातला.

गुरुजींना सांगितले तर ते म्हणाले, चला मैदानात. त्यांनी कबड्डीची रेघ आखायची फक्की आणली. मी गुडघ्याएवढ्या उंचीवरून मूठभर सोडली, ती दोन पावलांवर पडली. मग गुरुजींनी जिन्यावरून तेवढीच सोडली. ती वाऱ्याने अकरा पावले गेली आणि थोडी आमच्या डब्यांवर पण बसली! औषधाचे थेंबही असेच बारीक असतात. जितक्या उंचावरून सोडाल तितका वारा ते लांब नेतो. म्हणून फवारणीचे विमान खालून उडवावे लागते.

असे पहिले विमान ३ ऑगस्ट १९२१ रोजी अमेरिकेत ओहायो राज्यात उडाले. तिथे झाडांवर अळी पडली होती, त्यावर विषारी भुकटी टाकली. आपल्या देशातही या कामासाठी ‘बसंत’ नावाचे विमान बनवले होते. ते १९७२ साली पहिल्यांदा उडाले.

पण खाली उडाले की तारा आडव्या येतात. लाइटीची तार बारीक असते, वैमानिकाला ती उन्हात दिसतच नाही. म्हणून त्याने आधी खांब शोधायचे आणि मनाने तार ओळखायची. रान संपले की लगेच वर उचलून वळायचे. टाकी भरलेली असली की विमान जड असते. उंची कमी, त्यामुळे काही चुकले तर सावरायला वेळच मिळत नाही. ड्रोनचे पण तसेच. आम्ही घरी गेल्यावर ते ड्रोन खांबाच्या ताणाला अडकून सोयाबीनमध्ये पडले. पाती फिरत होती म्हणे. आम्ही तिथेच उभे असतो तर?

मग पाठीवरचा पंपच बरा का? तसेही नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसाहून जास्त शेतकरी आणि मजूर मेले. हे ऐकल्यापासून आण्णा फवारायला गेले की मला भीती वाटते. ड्रोनमध्ये माणूस औषधापासून लांब राहतो, हे मला चांगले वाटते. पण लांब फक्त तो राहतो, शेजारचे राहत नाहीत. केरळात कासरगोड जिल्ह्यात काजूच्या बागांवर हेलिकॉप्टरने सुमारे वीस वर्षे, २००० सालापर्यंत, एंडोसल्फान मारले. बागांच्या मध्ये गावे होती, विहिरी होत्या. तिथली खूप माणसे आणि लेकरे आजारी पडली. २०११ साली सुप्रीम कोर्टाने त्या औषधावर बंदी घातली.

आलेल्या पालकांना एक विचारायचे आहे. तुमच्या रानात ड्रोन येणार असेल तर शेजारी आदल्या दिवशी सांगता का? आम्हाला कुणी सांगितले नव्हते. सांगितले असते तर आईने पाण्याची घागर झाकली असती, गवत आधीच कापून आणले असते आणि आम्हाला घरी बसवले असते. वारा आमच्या बांधाकडे होता. सकाळी लवकर वारा पडलेला असतो, तेव्हा मारले असते तरी चालले असते.

बांधावरच्या गवतावर औषध पडले म्हणून आईने ते कापू दिले नाही. म्हशीला विकतचा कडबा टाकला. ती रोज दावणीतून बांधाकडे बघून हंबरायची.